खोटा उपास

आमच्या चर्चमधले आम्ही बाराजण कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत भिंती रंगवायला गेलो होतो. दुपारी तिथल्या सखूबाईंनी आमच्यासाठी भाकऱ्या थापल्या. त्यांचा रोग बरा होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण बोटं झडून गेली होती. आता भिण्यासारखं काही नाही हे ठाऊक असूनही त्यांनी ताट पुढे केलं, तेव्हा माझा हात जागचा हलला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "उपास हाय का बाई तुमचा?"

"हो," मी म्हणाले.

त्या आत जाऊन केळं घेऊन आल्या. "हे खावा. साल काढली की झालं, आतल्याला कुणाचा हात लागत न्हाई."

सेवा करायची म्हणून मी घरून निघाले होते, आणि इथे त्याच माझी लाज राखत होत्या. असं किती पाहुण्यांना त्यांनी आजवर सांभाळून घेतलं असेल!

"उपास नाही, सखूबाई. मला भीती वाटली."

त्या माझ्याशेजारी बसल्या. "वाटती," म्हणाल्या. "मला तर माझ्याच हातांची वाटली हुती."