हद्दीचे दगड आणि मूठभर तांदूळ

ती घटना आठवली की आजही मला आधी माझी टोपी आठवते. नव्वदीतली गोष्ट. सुरतेत उधन्याकडच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होते, नवी कोरी. टोपी पिना लावून इतकी घट्ट बसवायचे की संध्याकाळी कपाळावर वळ उठायचा. आमचे जमादार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, मला 'बेन' म्हणत. मी म्हणायचे, "साहेब म्हणा." ते म्हणत, "हा, बेन." आता नातवंडं माझं असंच ऐकतात.

खबर दिली ठाण्यासमोरच्या चहावाल्याने. डिंडोलीच्या पुढे शेतं मोडून प्लॉट पडत होते, आणि एक म्हातारी आदिवासी बाई रोज सकाळी तिथले हद्दीचे दगड उपटून नेत होती. तासाभरात प्लॉट पाडणारा शेठही अर्ज घेऊन हजर: दगडांची चोरी, जागेत बेकायदा प्रवेश. मी दोन पंच घेतले, जीप काढली आणि जणू दरोडेखोर पकडायला निघाले.

मुद्देमाल लपवलेला नव्हताच. तीन दगडांची म्हातारीने चूल मांडली होती, बाकीचे कोंबड्यांच्या खुराड्यावर रचले होते. चुलीवर भात रटरटत होता. पंचनाम्यात मी 'गरम दगड नग तीन' असं लिहिलं. जमादारांनी 'गरम' खोडायला लावलं. ते तीन दगड जागेवरच राहिले, म्हातारीला मात्र मी ठाण्यात आणलं.

चौकशी दरडावून करायची असते, अशी माझी तेव्हा समजूत. मी काठी टेबलावर आपटली. चहाचा कप उडून माझ्याच कागदांवर सांडला. म्हातारी उठली आणि पदराने कागद टिपू लागली. "हळू गं पोरी. तुझंच लिहिलेलं भिजलं."

ती डांगकडून लग्न होऊन इकडे आलेली. तिची बोली माझ्या घरच्या अहिराणीच्या जवळची, मला सगळं कळत होतं. पण साहेबाने घरची बोली बोलायची म्हणजे काय! मी आपली कडक गुजराती झाडत होते.

"दगड का काढले?"

"माझ्या शेतात पेरले कोणी? मी तर भात पेरते."

"जमीन तू विकलीस. कागदावर तुझा अंगठा आहे."

"अंगठा रेशनकार्डाला दिला. शेठनं गाडीतून नेलं, भजी खाऊ घातली."

"खोटं बोलतेस!"

"मग दे तांदूळ माझ्या हातात. आणि विचार."

मी हसले. "हे पोलीस ठाणं आहे, किराण्याचं दुकान नाही."

जमादार हळूच म्हणाले, "बेन, यांच्यात धान्य म्हणजे देवी, कणसरी. दाणे मुठीत धरून हे लोक खोटं बोलत नाहीत." आणि स्वतःच्या खोलीवरून ओंजळभर तांदूळ घेऊन आले. म्हातारीने मूठ मिटली आणि रेशनकार्ड, गाडी, भजी, सगळं पुन्हा तसंच सांगितलं.

तेव्हा कुठे मी खरेदीचा कागद नीट वाचला. घेणाऱ्याच्या जागी शेठचं नाव नव्हतं. प्लॉटवरच्या रखवालदाराचं होतं, आणि तोही आदिवासी, म्हणजे कागदावर व्यवहार आदिवासींमधलाच दिसावा. शेठ बाहेर बाकावरच होता. म्हणाला, "मालक तो. मी फक्त काम बघतो." मी मालकाला बोलावून घेतलं. फाटकी बनियन घातलेला मालक आला. मी काही विचारायच्या आत म्हातारीने त्याचा पंजा उघडला आणि आपले निम्मे दाणे त्यात ओतले.

"बोल भाऊ. माझं शेत तू घेतलं?"

त्याने मूठ मिटायचा प्रयत्न केला. बोटं वळेनात. शेठकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं आणि रडायलाच लागला. "मावशी, मला फक्त अंगठा लावायला सांगितलं."

तांदूळ कोर्टात पुरावा होत नाही, पण कुठे बघायचं ते त्याने दाखवलं. आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्धचा नवा कायदा ठाण्यात पुस्तकरूपाने आला होता. कुठे होता? पाण्याचा माठ डुगडुगायचा, त्याच्याखाली. जमादारांनी माठ खाली उतरवला, मी ओली पानं सोडवली. आदिवासीची जमीन गैरमार्गाने बळकावणं हा गुन्हा, असं त्यात स्वच्छ छापलेलं. आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय अशी जमीन हस्तांतरित होत नाही, हा नियम तर महसूल कायद्यात त्याच्याही आधीचा. मी शेठला म्हटलं, "परवानगी दाखवा." शेठने पाणी मागितलं.

आरोपी म्हणून आणलेली म्हातारी फिर्यादी झाली. मला वाटलं, आता आपलं नाव होणार. पण अशा गुन्ह्याचा तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असंही त्या कायद्याखाली होतं. माझं पहिलं मोठं प्रकरण माझ्या हातून गेलं. दोन दिवस मी जमादारांवर फुगून होते. का, ते त्यांनाही कळलं नाही.

चौकशीच्या त्या दिवशी म्हातारीला घरी सोडायला मी स्वतः गेले. जीपमधून उतरताना तिने उरलेले दाणे माझ्या हातात ठेवले. "आता तू बोल. शेत मिळेल परत?"

"कायदा आहे, आजी." या वेळी मी अहिराणीत बोलले.

"आहे ते कळलं. मिळेल का?"

सातबाराचे उतारे, तारखा, अपील, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. माझी मूठ मिटली नाही. म्हातारीने दाणे परत घेतले, रागावली मात्र नाही. "खोटं नाही बोललीस," म्हणाली, आणि माझी टोपी सरळ केली.

निकाल यायला काही वर्षं गेली. दरम्यान, आदिवासीविरुद्ध जमिनीची तक्रार आली तर आधी कलेक्टरची परवानगी तपासा, अशी वरून लेखी सूचनाही आली. कायदा झाला की न्याय झाला, असं मला परीक्षेसाठी पाठ करताना वाटायचं. पण कायदा माठाखालून काढावा लागतो, आणि तोवर कुणालातरी रोज सकाळी दगड उपटत राहावं लागतं, हे मला त्या बाईने शिकवलं.

माझी बदली झाली होती, तरी म्हातारीला शेताचा ताबा मिळाल्याचं कळताच मी गेले. शेतात भात उभा होता. चूल त्याच तीन दगडांची होती. म्हातारीने एक लोंबी ओरबाडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली,

"मूठ मीट आता."