जिन्यावरची बैठक

शाळेतल्या शिपाई मावशींना बावीस वर्षांत कुणी "बसा" म्हटलं नव्हतं. त्यामुळे सुरक्षा समितीच्या अध्यक्षपदाची चिठ्ठी निघाली आणि नव्या मोठ्या बाईंनी "या महिन्याच्या अध्यक्ष, मावशी!" असं जाहीर केलं, तेव्हा मावशींनी मागे वळून पाहिलं, ही दुसरी मावशी कोण?

दर महिन्याला सभासदांतून चिठ्ठीनं अध्यक्ष नवा, हा मोठ्या बाईंचाच नियम.

घरी सुनेनं तालीम घेतली. "आई, 'माझं म्हणणं असं आहे' अशी सुरुवात करा." मावशी भांडी घासताना तेच घोकत होत्या. नवरा म्हणाला, "तुझं म्हणणं तीस वर्षं ऐकतोय, आता त्यांची पाळी!"

बैठकीत क्रीडाशिक्षक कॅमेऱ्यांवर बोलत सुटले. मावशींना घोकलेलं एक अक्षर आठवेना. पण मधल्या सुट्टीत फुटलेले गुडघे रोज त्याच धुवायच्या. कॅमेऱ्यात पडलेलं पोर दिसेल हो, झेलणार कोण? त्या ताडकन उठल्या. "चला माझ्याबरोबर!" सगळ्यांना त्यांनी मागच्या अरुंद जिन्यावर उभं केलं. मधली सुट्टी व्हायलाच आली होती. खाली जाऊन त्यांनी घंटा दिली आणि पायऱ्यांशी हात पसरून थांबल्या.

तिन्ही मजले एकदम सुटले! मोठ्या बाईंची एक चप्पल दुसरीच्या वर्गाबरोबर मैदानात गेली. धिप्पाड क्रीडाशिक्षक गोल फिरून भिंतीला चिकटले. पालकांचे प्रतिनिधी "अरे, अरे!" करत उलटे चार पायऱ्या उतरले. समितीतली चौथीची चिमुरडी तेवढी कठडा धरून शांत होती.

"रोज असंच असतं," ती म्हणाली.

मग मोठ्या बाई एका पायावर उभ्या राहून खो खो हसू लागल्या आणि सगळेच हसत सुटले. बैठक तिथेच, पायऱ्यांवर बसून पार पडली. लहान वर्ग आधी सोडायचे, हे चिमुरडीनं सुचवलं. जिन्यावर मधोमध पट्टा ओढायचं काम क्रीडाशिक्षकांनी मागून घेतलं. पुढच्या जिन्याचं बंद दार उघडून घ्यायची जबाबदारी पालकांनी उचलली.

पंधरा दिवसांत मावशींची कापसाची पिशवी उघडायची वेळ क्वचितच येऊ लागली. पुढच्या महिन्यात चिठ्ठी निघाली चिमुरडीची. खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत होते.

"मुलींच्या संडासाची कडी फार उंच आहे," ती म्हणाली. "कोण बसवणार खाली?"

पहिला हात मावशींचा वर गेला. दोन्ही हात, खरं तर.