बंद राहिलेला भोंगा

कोल्हारच्या दूध शीतकरण केंद्रात आम्ही दोघांनी संगणकांची यंत्रणा बसवली होती, मी आणि माझ्या वरिष्ठ मॅडमनी. नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही कामाला. कुणालाही घेता, बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरचे भाग जोडून ती यंत्रणा उभी केली होती. तातडीचं काम केंद्रातल्याच तीन छोट्या संगणकांवर चाले, बाकीचं क्लाउडवर जाई. वीज गेली की बॅटरी पुरावी म्हणून कमी गरजेची कामं आपोआप थांबत. कोणतं काम शेवटपर्यंत चालवायचं आणि कोणतं आधी थांबवायचं, ती क्रमवार यादी माझी. दुधाचं तापमान मी सगळ्यात वर ठेवलं आणि दूध गार करणाऱ्या यंत्रातल्या अमोनिया वायूची गळती ओळखून भोंगा वाजवणारा सेन्सर तळाला, कारण वर्षभरात तो एकदाही वाजला नव्हता.

एका दुपारी वीज गेली, ती चार तासांनी आली. तोवर सेन्सरचं काम थांबलं होतं आणि बॅटरी निम्मी भरेपर्यंत ते सुरू होणार नव्हतं. हेही मीच ठरवलेलं. कॉम्प्रेसर सुरू होताच जुना व्हॉल्व्ह फुटला आणि अमोनिया पसरला. भोंगा वाजला नाही. तिथले ऑपरेटर, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, नेहमीसारखे आत गेले आणि डोळे धरून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी मी नोंदी पाहिल्या. यंत्रणेत काही बिघाड नव्हता; तिनं माझ्या यादीप्रमाणेच केलं होतं.

आमचे साहेब म्हणाले, "व्हॉल्व्ह जुना होता, एवढंच सांगा."

"यादी मीही तपासली होती," मॅडम मला म्हणाल्या. "चल, दोघं जाऊन खरं सांगू."

नगरच्या दवाखान्यात ऑपरेटरमामांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी भोंगा बंद हुता, ह्ये तुमाला ठावं हुतं?"

"मी तसा विचारच केला नव्हता, मामा."

"आदी आमी दारात उभं राहून वास घ्यायचो," ते म्हणाले. "भोंगा आला, तवापासनं सवय मोडली."

त्यांच्या बायकोनं आमच्याकडे पाहिलं. "आता जावा तुमी."

मी यादी बदलली, चूक सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक पानावर लिहिली; जुनी यादीही मी तिथंच सगळ्यांसाठी ठेवली होती. आठवड्यात तिघा अनोळखी माणसांनी कळवलं की त्यांनी माझी यादी जशीच्या तशी उचलली होती. न कळवणारे किती असतील, कोण जाणे.

मामांचा एक डोळा गेला. दुसऱ्यानं फक्त उजेड कळतो. दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो. बायकोनं अंगणात पाणी आणून दिलं, तांब्या परत घेतला आणि दार लोटलं.