खंडेनवमीच्या पाटावरचं प्लास्टिक

गेल्या खंडेनवमीला माझ्या बायकोनं, सुमननं, माझ्या लेथला हळदकुंकू लावलं आणि वरच्या भाडेकरूच्या, जयेशच्या, थ्रीडी प्रिंटरलाही. तिला अक्का म्हणणाऱ्या जयेशनं त्यावर तिच्या शिलाई मशीनचं मोडकं गिअर नवं करून दिलं होतं. आम्ही दोघं बघत बसलेलो. प्लास्टिकची तार वितळते, गरम टोक फिरतं, थरावर थर बसतो आणि नसलेली वस्तू उभी राहते. ती पूजा आमची शेवटची. दिवाळीआधी ती गेली.

मी धरणगावात कापसाच्या जिनिंगचे शाफ्ट टर्न करतो, म्हणजे लोखंड फिरवून आकार देतो. शाळा चौथीपर्यंत. खंडेनवमीला वापरातलं एकही हत्यार पूजेबाहेर ठेवायचं नाही, ही दुकानाची रीत. यंदा पाट मीच मांडला. जयेशनं प्रिंटर खाली आणला, मी त्याला कुंकू लावलं. मग फडक्यातून प्लास्टिकचं पिस्तूल काढून पाटावर ठेवलं.

"हाई काय शे?"

"शस्त्र, नाना. आज पूजतातच ना."

मोबाइलवरच्या ग्रुपनं शिकवलेलं. हजारो भाऊ आहेत म्हणाला, तोंड एकाचंही पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी याचं भांडण झालेलं. त्याचा फोटो यानं तिथं टाकला, तर उत्तर आलं, याच्यापासूनच सुरुवात कर.

राग नंतर आला. आधी मी नुसता बघत राहिलो. ज्या टोकानं सुमनचं गिअर उभं केलं, त्यानंच हे केलं. तितकंच सुबक.

त्याला म्हणालो, हे थर दिसतात ना, जोर बसला की तिथंच फाटतं. तुझ्या हातातच फुटेल. नाही फुटलं तर एक माणूस जाईल.

"ग्रुपवाले म्हणतात, चालतं."

"मग तू दवाखान्यात नाहीतर जेलात गेलास की डबा कोण आणेल? तुझे ते भाऊ?"

त्यानं प्रिंटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाना, अक्काला सांगू नका."

म्हणाला आणि स्वतःच खाली बसला. मीही बसलो.

मग शटर ओढून पोलिसांना फोन केला. तो पळाला नाही. पोलिसांनी पिस्तूल नेलं, प्रिंटर नेला, त्यालाही नेलं. प्रिंटरवर कुंकू तसंच होतं. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही. ते बघणाऱ्यालाच कळावं लागतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी भाकरी केल्या, जाड झाल्या. डबा भरून कोपऱ्यावर गेलो, थर्मास पुढे केला. चहावाल्याला पोलिसांनी सगळं सांगितलेलं होतं.

"कोणासाठी?"

"जयेशसाठी."

त्यानं थर्मास रिकामाच परत दिला. चुकलं नाही त्याचं. मी नुसता डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.