मानमोडी, बर्फ आणि गऊबाई

गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून जन्म काढला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कोंबडीच्या पिसांसारखे ते अंगाला चिकटून घरी येतात आणि बायको म्हणते, "आधी बाहेर झटका!"

हल्ली टीव्हीवर बर्ड फ्लूची बातमी लागली की नातू विचारतो, "आजोबा, तुमच्या वेळी होता का?" आता काय सांगू? पन्नासच्या दशकात आमच्या जुन्नर-आंबेगावात कोंबडीनं मान वाकडी करून टाकली की ती मानमोडी. रोग एक होता का चार, दर साली रूप पालटून यायचा का, हे बघायला ना लॅब होती ना मायक्रोस्कोप. आमच्याकडे होता एक थर्मास, दोन सायकली आणि एक भांडखोर डॉक्टर.

*

लस पुण्याहून एसटीनं यायची, बर्फात. बर्फ वितळला की लस वाया. ऐन मे महिन्यात मंचरला कुणी मोठे साहेब मुक्कामाला आले आणि त्यांचा शिपाई भांडं घेऊन आमच्या दारात. "साहेबांच्या सरबताला बर्फ पाहिजे."

डॉक्टरांनी थर्मासवर हात ठेवला. "बर्फ कोंबड्यांचा आहे. साहेबांनी मान टाकली तर जरूर पाठवतो."

डॉक्टरांची दिवाळीची रजा नामंजूर झाली ती त्यामुळेच, असं माझं आजही मत आहे.

*

वरच्या ऑफिसातून एक फॉर्म यायचा. त्यात रकाना होता, 'रोग गावात कोणत्या मार्गाने आला?' डॉक्टरांनी लिहिलं, 'पायी, सायकलने व एसटीने.'

फॉर्म परत आला. 'पुरावा जोडावा.'

डॉक्टरांनी खाली लिहिलं, 'मीही याच मार्गाने येतो.'

*

जुन्नरचे बाबूभाई कोंबड्यांचे व्यापारी. सायकलला दोन्हीकडे करंड्या लावून गावोगाव फिरायचे. डॉक्टर एकदा त्यांना बाजारात सगळ्यांदेखत म्हणाले, "रोग तुमच्या करंड्यांतून फिरतो."

बाबूभाई तापले. "फिरत असंल. पन आजारी कोंबडी लोकच घाईघाईनं माझ्या गळ्यात मारत्यात, आन् नाव माझं?"

डॉक्टरांनी तेही सगळ्यांदेखतच कबूल केलं. दुसऱ्या दिवशी बाबूभाई रिकाम्या करंड्या घेऊन दवाखान्यात हजर. "बुडवा फिनेलमधी. आन् पिंपरी पेंढारला पळा. त्यांच्या शेजारच्या गावात कालपासनं एक कोंबडी मागितली तर दोन देत्यात."

आम्ही लस घेऊन पळालो.

*

पिंपरी पेंढारला गऊबाई राहायची. सासरच्यांनी टाकलेली, एकटी. अकरा कोंबड्या आणि त्यांची अंडी, एवढ्यावर तिची चूल पेटायची. तिनं सुई बघितली आणि विचारलं, "ह्यात काय हाय?"

"रोगच आहे, पण दमवलेला," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"मग आदी ह्या कंपाउंडरला टोचा."

"त्याला टोचून काय उपयोग? तो अंडी देत नाही."

गऊबाई पदर तोंडाला लावून हसली आणि एकेक कोंबडी धरून पुढे करू लागली. अकरा टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "अंगात ताकद यायला दहा दिवस लागतील. तोवर आजारी कोंबडीला शिवू नका. हातावरून, पायावरून, पदरावरूनसुद्धा रोग घरात येतो."

*

चौथ्या दिवशी शेजारच्या गावानं मरीआईचा गाडा पिंपरी पेंढारच्या शिवेवर आणून सोडला. त्या वेळची रीतच होती. साथ आली की छोट्या गाड्यात देवीला बसवायचं, खण, बांगड्या, नारळ ठेवायचा, एक जिवंत कोंबडी बांधायची आणि गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा. त्यांनी तो आणखी पुढे न्यायचा. गाड्यातल्या कोंबडीची मान वाकडी झाली होती.

गावातल्या उरलेल्या कोंबड्या टोचायला आम्ही तिथंच होतो. डॉक्टर म्हणाले, "गाडा गावातून नेऊ नका." पाटील म्हणाले, "देवीच्या कामात सुईवाल्यानं पडू नये."

तेवढ्यात गऊबाई आली आणि गाड्याच्या पुढ्यात बसली.

"ऊठ गऊबाई," पाटील म्हणाले. "देवीला पुढं जायचंय."

"असं देवी म्हनली, का तुमीच म्हनताय?" गऊबाई म्हणाली. "बाईमानूस हाय ती. ह्या गावानं हाकलायचं, मंग त्या गावानं हाकलायचं. तिनं जायाचं कुटं? मला हाकललं तवा मी लई गावं हिंडले, पाटील. गाडा हितनं हलायचा न्हाई."

पाटलांनी हातातली गाड्याची दोरी सोडली. गऊबाईनं कोंबडी सोडवून मांडीवर घेतली. थोड्या वेळानं ती मेली. आम्ही शिवेवरच खोल खड्डा करून चुना टाकून ती पुरली आणि गाडा फिनेलनं धुतला.

"गऊबाई, आता तुम्ही..." डॉक्टर अडखळले.

"ठावं हाय. घरला न्हाई जायाची. दहा दिस भरूस्तवर हितंच ऱ्हाते, देवीसंगं."

शिवेवरच्या खोपीत ती राहिली. रोज सकाळी तिची शेजारीण कोंबड्या मोजून यायची आणि लांब उभी राहून ओरडायची, "अकरा!" मग गऊबाई तोंडात पाणी घ्यायची. तिथून सायकलनं जाताना मीही तो आकडा ऐकायला थांबायचो.

टोचल्यापासून दहाव्या दिवशीही "अकरा" आलं. गऊबाईनं विहिरीवर आंघोळ केली, लुगडं उकळून वाळवलं, नेसली आणि गाड्याची दोरी खांद्यावर घेतली.

"चल बाई," ती देवीला म्हणाली, "माझ्या घरी."

आणि गाडा ओढत गावात शिरली. पाटील वाटेतच उभे होते. ते बाजूला झाले.