आबांच्या फोटोखालची प्रश्नचिन्हं

किनवटच्या पलीकडच्या आमच्या गावात मी नववीत शाळा सोडली. आधी वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगला होते. मग शहागंजात साप्ताहिक चालवणाऱ्या एका काकांनी मला कीबोर्डवर बसवलं, टायपिंग शिकवलं, राहायला खोलीही बघून दिली. उपकार मोठे, म्हणून भीतीही मोठी. ऑफिसात कुणाच्याही हातून काही बिघडलं, की मला आधी गावाकडं जाणारी बस दिसते.

त्या आठवड्यात साप्ताहिकाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि तिथं मराठी साठवायची सेटिंग करायची राहून गेली. जे अक्षर ओळखू येत नाही त्याच्या जागी यंत्र प्रश्नचिन्ह टाकतं. वेडीवाकडी अक्षरं दिसली असती तरी चाललं असतं, त्यांच्यातून मराठी परत काढता येते. प्रश्नचिन्हातून काहीच निघत नाही. जुना सर्व्हर तर पुसून मोकळे झालेले.

सेटिंग दुरुस्त झाली, पण गेलेला मजकूर कोण आणणार? छापील अंकांच्या फाइली उघडायच्या, त्यातला जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलायचा, मोडलेली जोडाक्षरं हातानं सांधायची, मग चढवायचं. मान धरली होती. एक पान नीट केलं की पुढचं पुन्हा प्रश्नचिन्हांनी भरलेलं.

अशात पाचोडहून फोन आला.

"ताई, आमच्या आबांच्या फोटोखाली नुसते सवालच हायेत की! उद्या वर्षश्राद्ध. लिंक सगळ्या पाव्हण्यांत गेली. लोक विचारायलेत, माणूस जाऊन वरीस झालं, आता कसली चौकशी लावली म्हणून!"

पुण्यस्मरणाची ती जाहिरात फक्त वेबसाइटवर होती, अंकात नव्हती. म्हणजे तिची फाइलही नव्हती.

"दादा, तुमच्याकडं कुठं लिहिलेलं आहे का?"

"फ्लेक्स हाय की दारात."

त्यांनी फोटो पाठवला, पण मंडपाच्या कनातीनं निम्मा फ्लेक्स झाकलेला. शेवटी कनात वर धरून ते वाचायला लागले, मी टाइप करायला. 'शोकाकुल' आलं आणि मागं गलका सुरू झाला.

"आधी थोरल्या चुलत्याचं घे!"

"अरं, फ्लेक्सवर हाय तसं वाचू दे त्याला!"

"फ्लेक्सवर चुकलंय म्हणूनच सांगायलो ना!"

तेवढ्यात फोन एका म्हातारीनं घेतला. आबांची बायको.

"बाई, लेकींची नावं न्हाईत त्यात. तिघींची घाल."

"आई, फ्लेक्सवर न्हाईत ती," मागून दादा.

"नसू दे. पुसलंय ना समदं? मग नव्यानं लिव्हायचंच हाय तर नीट लिव्हा."

मी अडकले. जाहिरात देणाऱ्याचा मजकूर हलवायचा नाही, हा काकांचा पहिला धडा. फोनवर हात ठेवून मी शेजारच्या टेबलावरच्या काकांना विचारलं.

"जाहिरात कुणी दिली?" त्यांनी प्रुफातून मान वर केली नाही.

"मुलानं."

"आणि नवरा कुणाचा होता?"

मी हात काढला. "सांगा आजी, लिहिते." मग दादाच म्हणाले, "घाला ताई. थोरलीपासून घ्या, न्हाईतर तिचा येगळा फोन यील."

म्हातारीनं एकेक नाव सांगितलं, सासरच्या आडनावासकट. मी मजकूर चढवला आणि माझ्या मोबाइलवर उघडून बघितला. अक्षरं होती.

"आता वाचून दाखव," ती म्हणाली. "मला वाचाया येत न्हाय."

मी शेवटची तीन नावं वाचली.

"परत वाच."

परत वाचली. "व्हय," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. मी धरलेली मान कडकड मोडली आणि पुढचं पान उघडलं.