विहिरीत गारठलेली फ्रेंच वाइन

मंडळी, लहानपणी शाळेत मी कवितेची पहिली ओळ म्हणायचो आणि दादा दुसरी खणखणीत म्हणायचा. तो आवाज अजून कानात आहे.

दादाचा मुलगा सखाराम आगबोटीवर खलाशी झाला, तेव्हापासून शेजारी राहूनही दादा त्याच्याशी बोलत नाही. पोराने बापासाठी दक्षिण फ्रान्सची तांबडी वाइन आणली, तीही त्याने परत धाडली. मग आज दुपारी सखारामच्या घरी आम्हा दोघांनीच ती उघडली.

ताडीसारखी विहिरीत सोडून गार केली होती. घोट नुसता तुरट!

"फुकट गेली, काका."

"थांब रे!" बाटली चुलीपाशी कोमट होऊ दिली आणि भाजक्या खोबऱ्याच्या मटणासोबत चाखली. जिंकलो! जांभूळ, मिरी, सगळं जिभेवर उमललं. आनंदाने मी ती जुनी ओळ मोठ्याने म्हटली.

दुसरी ओळ दारातून आली. दादा!

"सख्या, मला वाढतोस का नाय?"